रॉबिन गेली, आणि मला आठवा लागलाय

माझी मिडवाइफ मेली. आणि मला आठवा महिना लागलाय.

वाईट वाटतंय हे नंतर. आधी भीती वाटली. खरं तेच लिहिते.

रॉबिन तिचं नाव. बुधवारी सकाळी, स्वतःच्या किचनमध्ये, चहा करता करता कोसळली. हार्ट.

भारतातल्या मैत्रिणींसाठी सांगते. इथे न्यूझीलंडमध्ये सगळं नॉर्मल असेल तर बाळंतपण डॉक्टर करत नाही, मिडवाइफ करते. तपासण्या, डिलिव्हरी, नंतर घरी येऊन बाळ बघणं, सगळं तीच.

आणि ती आपली आपण शोधायची! हॅमिल्टनमध्ये जिला फोन करावा ती म्हणे, "सॉरी, त्या महिन्यात फुल." नाव घालायला कुणी मिळेना. रडकुंडीला आले होते. रॉबिन म्हणाली, "ये तर खरी, बघू."

न्यू जर्सीच्या वहिनींनी बजावलं होतं, "सर्टिफाइड नर्स मिडवाइफच बघ हं केतकी, भलतीसलती नको."

म्हणून पहिल्याच भेटीत मी विचारलं, "तू नर्स आहेस ना?"

"नोप. कधीच नव्हते."

माझा नवरा अनिकेत तर बॅग उचलून उठायलाच निघाला.

ती हसत सुटली. म्हणाली, "अमेरिकेत तसं असेल. इथे मिडवाइफ हा वेगळा पेशा आहे, डिग्रीसुद्धा वेगळी. माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस. फोन काढ, पब्लिक रजिस्टर उघड, माझं नाव टाक."

टाकलं. नाव होतं. यंदाचं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट होतं, ते म्हणे दरवर्षी नवं घ्यावं लागतं. "आता खाली बघ, माझ्या कामावर कुणी अट घातलीय का." अट नव्हती.

"बसला विश्वास?"

"थोडा."

"थोडाच पुरे. बाकीचा मी कमवेन."

कमावला बाईनं. नाशिकहून आई व्हिडिओ कॉलवर रोज कटकट करायची, "अगं, डॉक्टर कधी बघणार तुला?" एका भेटीत रॉबिननं फोन माझ्या हातातून घेतला आणि आईशीच बोलत बसली. आई मराठीत, ही इंग्लिशमध्ये. काय कळलं दोघींना देव जाणे. पण आई म्हणाली, "खमकी आहे. असू दे."

एक मात्र राहिलं. रॉबिनची कामातली जोडीदार अलाना, तीही मिडवाइफ. "तिला एकदा भेटून घे, मला काही झालं तर ती येईल," रॉबिन म्हणायची. आईला हे सांगितलं की आई म्हणे, "अभद्र बोलू नये म्हणावं."

मग नेक्स्ट टाइम, नेक्स्ट टाइम. ते राहूनच गेलं.

बुधवारी त्याच अलानाचा मेसेज आला. रॉबिन गेली. तुला आता मी बघेन. काही वाटलं तर कधीही फोन कर.

मी काय केलं असेल? रजिस्टर उघडून अलानाचं नाव टाकलं. हसू नका. सगळं नीट होतं, तरी छातीतली धडधड थांबेना. कागद बरोबर असला म्हणून बाई लगेच आपली होते का?

मग रॉबिनचं नाव टाकलं. अजून होतं. सर्टिफिकेट चालू.

तिथे मी फुटले.

आज तिचं फ्युनरल. आईनं निक्षून सांगितलं होतं, "दोन जिवांची आहेस, मयताला जायचं नाही." म्हणून ऑनलाइन बघायचं ठरलं.

आणि आज सकाळपासून बाळ हलेना.

रोज नाश्ता झाला की लाथा सुरू. आज काही नाही. गार ज्यूस प्यायले, डाव्या कुशीवर पडले, पोटाला हाक मारली. काही नाही.

अनिकेत ओरडला, "अलानाला फोन कर!"

"आज? त्यांच्याकडे मयत आहे रे. आज कसं विचारू?"

मी असं म्हटलं. खरंच म्हटलं. बाळ हलत नाहीये, आणि मी रीतभात सांभाळतेय.

अनिकेत गाडीची किल्ली शोधायला धावला. समोर लॅपटॉपवर अलाना बोलायला उभी राहिली होती, हातात कागद. मध्येच थांबली आणि सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली,

"रॉबिनकडे नाव घातलेल्या कुणी बघत असाल, तर ऐका. 'सॉरी टू बॉदर यू' म्हणणाऱ्या बायकांवर ती जाम चिडायची. माझा फोन आत्ताही चालू आहे."

मी फोन लावला.

तिनं लगेच उचलला. "सॉरी... मी केतकी..."

"बाळ हलतंय?"

"नाही."

"हॉस्पिटलला नीघ. मीही निघाले."

लाइव्हस्ट्रीम जरा मागे असतं. माझा फोन ठेवून झाला आणि मग स्क्रीनवर तिचा वाजला. सगळ्या चॅपलसमोर तिनं तो उचलला, बॅग घेतली, शवपेटीवर क्षणभर हात ठेवला आणि चालायला लागली. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

गाडीत मी फक्त "हल ना रे राजा" म्हणत होते.

हॉस्पिटलमध्ये अलाना दारातच उभी. फ्युनरलच्या काळ्या ड्रेसमध्ये. पोटावर पट्टा बांधला, मशीन लावलं. ठोका सापडेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

सापडला. धडधड धडधड, व्यवस्थित.

डॉक्टर म्हणाल्या, आज इथेच राहा, लक्ष ठेवू. इथूनच लिहितेय. भीती गेलेली नाही, खोटं कशाला सांगू.

मी अलानाला म्हटलं, "माझ्यामुळे तुझं भाषण अर्धंच राहिलं."

तिनं पर्समधून कागद काढला, चुरगळलेला. खुर्ची माझ्या कॉटजवळ ओढली.

"मग उरलेलं तू ऐक."

आणि तिनं वाचलं. मशीनवर बाळाचे ठोके चालू होते, त्यांच्या वरताण मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. मग आम्ही दोघी रडलो.

रॉबिन, भरल्या डोळ्यांनी निरोप देते गं. शांत झोप.