ओळखीची माणसं

इंग्लंडात, रीडिंग गावी आमच्या गल्लीत राहणाऱ्या ताई मॅजिस्ट्रेट आहेत. वकील नव्हेत; इथे साधी माणसंही पगार न घेता, तिघं मिळून, छोट्या कोर्टात न्याय देतात. ताईंची ती सवय घरीही सुटत नाही. कुणाच्या सुनेबद्दल गप्पा रंगल्या की चष्मा काढून त्या विचारतात, "आणि सून काय म्हणते?" मग बायका विषय बदलतात. खरं सांगायचं तर त्या आल्या की मी जरा सावरूनच बसते.

गेल्या वर्षी ह्यांचं लायसन्स जायची वेळ आली. गाडी जोरात हाकल्याचे दंडाचे पॉइंट्स बारा झाले होते; इथे तेवढे साठले की लायसन्स जातं. ह्यांच्या ऑफिसकडे बस जात नाही, म्हणून सवलत मागायची होती. कोर्टात गेलो, तर समोरच्या तिघांत ताई! ह्यांनी माझा हात दाबला. "ओळख निघाली गं," पुटपुटले.

ताईंनी आमच्याकडे पाहिलं, चष्मा काढला आणि इंग्रजीत सांगितलं, "ही माझ्या ओळखीची माणसं आहेत. मला ही केस ऐकता येणार नाही." खुर्ची मागे सारून त्या निघून गेल्या. उरलेल्या दोघांनी लायसन्स सहा महिन्यांसाठी काढून घेतलं.

"काय उपयोग असल्या ओळखीचा?" घरी आल्यावर हे चिडून म्हणाले. 

सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला ताईंची गाडी आमच्या दारात उभी. निकालाबद्दल एक शब्द नाही. आमची गाडी जागची हललेली नाही, हे त्यांनी पाहिलंच असणार. आतूनच पलीकडचं दार उघडत त्या ह्यांना म्हणाल्या, "बसा हो. ओळखीचे आहात."