सुस्थितीत असलेला साकव

सरकारी नोकरीत मी एकच काम मन लावून केलं. विधानसभेत आमदार जे लेखी प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं लिहिली. उत्तर मंत्र्यांच्या नावाने छापून येतं, पण ते मंत्री लिहीत नाहीत आणि सचिवही लिहीत नाहीत. प्रश्न मंत्रालयातून निघतो, पायऱ्या उतरत उतरत रत्नागिरीतल्या आमच्यासारख्या बांधकामाच्या लहानशा कार्यालयात येतो आणि खिडकीजवळ बसलेल्या कारकुनापुढे पडतो. तो कारकून मी.

या कामाची एक रीत असते. आमदार विचारतात, अमुक रस्ता खचला हे खरे आहे काय. असल्यास चौकशी केली काय. नसल्यास विलंबाची कारणे काय. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असं लिहिलं की पुढचे सगळे भाग जागच्या जागी मरतात. त्यांच्यापुढे नुसतं 'प्रश्न उद्भवत नाही' लिहीत जायचं. म्हणून प्रश्न हातात आला की मी आधी त्यातली चूक शोधायचो. रस्ता जूनमध्ये खचला असं आमदारांनी म्हटलं आणि तो जुलैत खचला असला, की हे खरे नाही. सहाशे मीटर म्हटलं आणि साडेपाचशे निघाला, की हे खरे नाही. अगदीच पळवाट नसेल तर 'अंशतः खरे आहे'. अधिवेशन लागलं की साहेबांचा रक्तदाब चढायचा आणि माझा भाव. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं ते माझ्या थोरल्या बहिणीने खाली आणलं.

आक्का पालीपासून आत एका खेड्यात अंगणवाडी चालवते. अंगणवाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे आणि निम्मी पोरं पलीकडच्या वाडीतली. मधल्या पऱ्यावर साकव आहे, माणसं जाण्यापुरता लहान पूल. त्याचा मधला स्लॅब कोसळला होता. खांब शाबूत होते, म्हणून वाडीवाल्यांनी मधल्या भगदाडावर माडाचं खोड आडवं टाकलं होतं. मोठी माणसं त्यावरून तोल सांभाळत जायची. पोरांना मात्र आक्का पावसाळाभर एकेक करून कडेवर घेऊन पाण्यातून अलीकडे आणायची. त्या वर्षी तिचा पाय घसरला. पोर वाचलं, आक्काचं डावं मनगट मोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या आयांनी पोरं पाठवणं बंद केलं.

प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ती रत्नागिरीला माझ्या घरी आली. आमदारांना भेटून आली होती. त्यांच्या सहायकाने सांगितलं होतं, नीट लिहून आणा, अधिवेशनात प्रश्न टाकतो.

"तू जल्मभर लिवतंस ना? मग ह्यो येक लिवून दे," ती म्हणाली.

"आक्का, सरकारी नोकराने आमदाराला प्रश्न लिहून द्यायचा नसतो. नोकरी जाईल माझी."

"बरं. मग तू नुस्ता बोल, मी लिवतंय. उजवा हात बरा हाय माजा."

आक्कापुढे माझं लहानपणापासून चाललेलं नाही. मी बोलत गेलो आणि मग मलाच चेव आला. पळवाटा सगळ्या माझ्याच वहिवाटीच्या, त्या एकेक करून बुजवल्या. तारीख घातली नाही, लांबी घातली नाही. 'वाहून गेला' असं म्हटलं नाही, कारण खांब उभे आहेत या मुद्द्यावर कोणीही सुटला असता. कोणाही कारकुनाच्या बापाला 'हे खरे नाही' लिहिता येणार नाही, असा बंदोबस्त केला. आक्का कागद घडी करून घेऊन गेली आणि मी दिवसभर मिशीत हसत राहिलो.

तो प्रश्न उत्तरासाठी कोणाकडे येणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं या कामात मुरलेला मी, आणि ही चूक!

हिवाळी अधिवेशनाच्या आधी साहेबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या, तुमच्या हातचा मळ आहे. पाचच्या आत मेल गेला पाहिजे."

नवं उत्तर लिहिण्याआधी त्याच विषयावर सभागृहात पूर्वी काय सांगितलंय ते बघायचं असतं, दोन उत्तरांत विसंगती चालत नाही. मी नोंदवहीत साकवाचा क्रमांक शोधला आणि त्या क्रमांकाची जुनी फाईल काढली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणा सदस्याने हाच प्रश्न विचारला होता. उत्तर होतं : 'हे खरे नाही. सदर साकव सुस्थितीत असून वापरात आहे.' खाली मसुदा जोडलेला होता. अक्षर माझं.

मला तो दिवस आठवला. टेबलावर प्रश्नांचा ढीग होता. जागेवरच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, जातात की माणसं त्यावरून. मी लिहून टाकलं. कागदावर वाडीचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, त्यामुळे हा आक्काच्या वाटेवरचा साकव आहे हे मला कळलंही नाही. माणसं जात होती हे खरंच होतं. माडाच्या खोडावरून जात होती. मला इतकी लाज वाटली की समोर ठेवलेला चहा गार झाला तरी हात पुढे गेला नाही.

साहेब डोकावले. "मागचंच उत्तर द्या. कशाला खाजवून खरूज काढता?"

"देतो," म्हणालो. आणि लिहिलं : 'हे खरे आहे. साकवाचा मधला भाग गेल्या पावसाळ्यात कोसळल्याचे निदर्शनास आले असून दुरुस्तीचे काम सुरू करण्यात आले आहे.'

पहिलं वाक्य सोडलं तर बाकी शुद्ध थाप. भाग आधीच कोसळलेला होता आणि काम सुरू करायचं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण मागच्या उत्तराशी विसंगती नव्हती. साहेबांनी घड्याळाकडे बघत सही केली.

"काम सुरू आहे ना?"

"प्रगतिपथावर," मी म्हणालो.

चार दिवसांनी मंत्रालयातून फोन आला : उत्तर मान्य झालंय, सुरू असलेल्या कामाचे फोटो पाठवा. साहेबांचा चेहरा खोबऱ्यासारखा पांढरा झाला. मंत्र्यांनी सभागृहात खोटं सांगितलं असं निघालं तर हक्कभंग होतो, आणि मग सगळे मिळून सर्वात खालच्या पायरीवरच्याला शोधतात. साहेब मला काय काय बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पऱ्याकाठी जीप, खडीचा डंपर, पालीचा एक ठेकेदार आणि चार गडी हजर होते. गड्यांच्या हातात घमेली देऊन फोटो काढले. फोटो झाल्यावर गडी घमेली आवरायला लागले.

आक्का खडीच्या ढिगाशेजारी दगडावर बसली होती, हातात मोबाईल. "आवरतांव काय?" तिने ठेकेदाराला विचारलं. "मी पण फोटो काडलाय. आमदारांच्या मानसाला धाडलाय. आता रोज येक धाडनार."

मग कोणाची टाप होती थांबायची? शिमग्याला देवाची पालखी त्या साकवावरून नाचत पलीकडच्या वाडीत गेली.

पोरं पुन्हा यायला लागली, तेव्हा मी बघायला गेलो. आक्काने टेबलाच्या खणातून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एक नवं उत्तर आणि एक दोन वर्षांपूर्वीचं.

"हे जुनं कुनी लिवलान रे?"

एका क्षणात माझ्या मनात किती उत्तरं येऊन गेली! माहिती संकलित करण्यात येत आहे. बाब तपासून पाहण्यात येईल. अंशतः खरे आहे. तिचं डावं मनगट जरा वाकडंच बसलेलं दिसत होतं.

"मी," म्हणालो.

"ठावं हाय. आमदारांच्या मानसाने पैल्याच दिवशी दाखवलान. तुमच्या हापिसातलं म्हनाला. असलं तुज्याबिगर कोन लिवनार? म्हून तर प्रश्न तुज्याकडनं लिवून घेतला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू म्हनला असतंस, हे खरे नाही."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. तिने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. अंगणवाडी सुटत होती. पलीकडच्या वाडीतल्या एका चार वर्षांच्या मुलीचा हात तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा, हिला सोडून ये."

मुलगी माझं बोट धरून पुढे चालायला लागली. साकव सुस्थितीत होता.