थडग्याच्या दारातले बूट

एकाच थडग्यावर चार वर्षं पीएचडी करा, किस्से आपोआप जमतात. मला ते सांगायची हौस नाही, पण राग कुठेतरी काढायला हवा ना यार!

थडगं आयर्लंडमधलं, पाच हजार वर्षांपूर्वीचं. लांबलचक दगडी बोळ, शेवटी खोली, खोलीत चक्रं कोरलेली शिळा. वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी उगवतीचं ऊन बोळातून थेट त्या शिळेवर पडतं. माझा विषय एवढाच. पण ओहायोच्या मराठी मंडळात ओळख कशी करून द्यायचे? "ही नागपूरची सुषमा. थडग्यात असते!"

*

डब्लिनचे (आयर्लंडचं नव्हे, आमच्या ओहायोतलंच डब्लिन) वानखेडेकाका भेटले की एकच प्रश्न. "सॉफ्टवेअरमध्ये स्विच का नाही करत? थडग्याला स्कोप काय?"

"काका, पाच हजार वर्षं टिकलंय ते!"

"तेच तर! मेंटेनन्सचासुद्धा जॉब नाही!"

*

माझी रूममेट ज्योत्स्ना. मी महिनाभर मान मोडून त्या चक्रांची ट्रेसिंग्ज केली होती. दिवाळीला बाईसाहेबांनी त्यांनाच भोकं पाडून रांगोळीचे छाप केले! मंडळात 'पारंपरिक रांगोळी'चं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक काकू गहिवरून म्हणाल्या, "अगदी माझ्या आजीच्या हातची!"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि परत महिनाभर बसले.

*

आमचे प्रोफेसर वेगळेच. शिळेचा फोटो दाखवला की विचारायचे, "मापाला काय ठेवलंस?" शेजारी पेन नाही, पट्टी नाही, तर शिळा वीतभर की पुरुषभर, कळणार कसं? मी दर वेळी विसरायचे. तीनदा अख्खं चॅप्टर परत आलं!

*

शेवटी डिपार्टमेंटमागच्या मैदानात प्लायवूडचं पूर्ण मापाचं थडगं उभं केलं. वीकेंडला खपले कोण, तर वानखेडेकाकाच! शिळा थर्मोकोलची. आधीचे दोन्ही डिसेंबर ढगांनी खाल्ले होते. यंदा ऊन शिळेपर्यंत पोचलं नाही, तर फंडिंग बंद आणि मी नागपूरला परत.

त्या सकाळी आकाश लख्ख! मंडळ चक्क वेळेवर आलं. सगळे आत भिंतींना चिकटून उभे राहिले. ऊन बोळातून सरकत आलं, शिळेवर चढलं. वरची चक्रं उजळली आणि खाली... बुटांच्या सावल्या! चांगली रांगच्या रांग!

"बूट कुणी काढले दारात?" मी ओरडलेच.

"अगं, कुणाचं तरी थडगं आहे," काका हळूच म्हणाले. "बूट घालून कसं जायचं?"

मला रडू फुटलं. रडत रडतच फोटो काढला. वळून बघते तर प्रोफेसरही मोज्यांवर!

रोल धुऊन आला. प्रोफेसरांनी फोटो बराच वेळ न्याहाळला, पेन काढलं आणि थीसिसवर सही ठोकली.

"मापाला काहीतरी ठेवलंस एकदाचं!"