कर्जतला भरती येत नाही

दोन माणसं एका टेबलाशी बसली की एखादा किस्सा होतो. आमच्याकडे चार सरकारी खाती एका टेबलाशी बसायची, मग काय विचारता! मी तिथं टंकलेखिका होते, म्हणजे जो काही शहाणपणा व्हायचा तो माझ्याच बोटांतून कागदावर उतरायचा. रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी मैत्रिणी जमल्या की "तुझ्या त्या समुद्राच्या हापिसातलं सांग गं" सुरू होतं. सांगते. पण एक आहे, मला हे आठवलं की आधी धक्का बसतो आणि हसू मागून येतं. कधीकधी येतच नाही.

* * *

ऑफिसचं नाव 'किनारा समन्वय कक्ष'. समुद्रातले मासे, बंदरं, मिठागरं आणि किनाऱ्याची जमीन, ही चार कामं चार खात्यांकडे. चौघांनी एकमेकांना विचारून काम करावं म्हणून हा कक्ष काढलेला. आम्ही त्यांना मासेवाले, बंदरवाले, मीठवाले आणि महसूलवाले म्हणायचो. आणि हा कक्ष होता कुठं? कर्जतला! स्टेशनच्या बाहेर, पोह्याच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर.

मी खोपोलीची, शिळफाट्याजवळ राहायची. पहिल्या दिवशी शटलनं कर्जतला उतरले, जिना चढले आणि खिडकीतून बघते तर समोर भाताची खाचरं आणि मागं डोंगर. मला वाटलं चुकीचा जिना चढले.

"साहेब, समुद्र कुठंय?" मी विचारलं.

साहेब म्हणजे कक्षाचे प्रमुख. अतिशय सभ्य माणूस. आवाज कधी चढवला नाही आणि निर्णय कधी घेतला नाही. म्हणाले, "पाटीलबाई, अलिबागला रेल्वे नाही. इथं मुंबईचे अधिकारीही सकाळी येऊन संध्याकाळी घरी जातात आणि पुण्याचेही. शिवाय समुद्र डोळ्यांसमोर नसला की निर्णय निष्पक्ष होतात."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेष्टा करत असतील असं वाटलं. नव्हते करत.

* * *

आता गायकवाड. त्यांच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

गायकवाड दहिवलीचे. कक्षात 'खलाशी' म्हणून रोजंदारीवर. बोटीवर कधी पाय ठेवला नव्हता, समुद्र एकदाच लांबून बघितलेला, पण समुद्राच्या ऑफिसात शिपायाचं पद नाही, खलाशाचं आहे, म्हणून हे खलाशी. पाणी भरायचं, टपाल न्यायचं, चहा आणायचा. दर एकोणतीस दिवसांनी एक दिवस कामात खंड दाखवायचा, नाहीतर माणूस कायम होईल ना! त्या दिवशीही ते यायचे आणि गिरणीच्या पायरीवर बसायचे. अशी नऊ वर्षं गेली.

कायम होण्यासाठी चारही खात्यांची संमती लागायची, आणि त्या वर्षी तर तीही मार्च संपायच्या आत. नंतर त्यांचं वय अटीबाहेर जाणार होतं आणि सगळंच संपणार होतं.

मी एकदा विचारलं, "गायकवाड, दुसरीकडं का नाही बघत? कारखान्यात घेतील की."

"बाई, माज्या बापाला गावात कुनीबी हाक मारायचं," ते म्हणाले. "जेवता जेवता उटून जायला लागायचं. कसलं काम, किती काम, काय नाय. छप्पन सालात आमी बुद्ध झालो तवा बाप बोलला, आता हाकंवर जायाचं नाय, हुकमावर जायाचं. मला तो कागूद पायजे. माजं नाव, बापाचं नाव आनि काम काय ते लिवलेलं."

मी आत जाऊन उगीच रिबन बदलत बसले. तेवढ्यात आतून साहेबांची हाक आलीच, "गायकवाड, चहा आण रे!"

* * *

एकदा खालच्या खाडीवरचे एक कोळीबुवा एसटीनं टोपली घेऊन आले. नदीतून कारखान्यांचं काळं पाणी आलं आणि मासा मेला, त्याचा पुरावा म्हणून मासेच आणले होते. नेमकी त्या दिवशी मीटिंग होती. चारही खाती हजर.

मासेवाले म्हणाले, "आमच्याकडं जिवंत मासा येतो. मेलेला आमच्या कक्षेत नाही."

बंदरवाले म्हणाले, "मासा हे जलवाहन नाही."

महसूलवाल्यांनी नीट चौकशी केली. "मासा जमिनीवर मेला असेल तर आमचा. पाण्यात मेला असेल तर नाही. बोला, कुठं मेला?"

कोळीबुवा म्हणाले, "मी काय त्याच्या उशाशी बसलो होतो?"

मीठवाल्यांनी तेवढी कामाची सूचना केली, की तोवर मीठ लावून ठेवा.

शेवटी साहेबांनी सुवर्णमध्य काढला. टोपली 'सोबतचे सहपत्र' म्हणून मुंबईच्या वरच्या ऑफिसला अभिप्रायासाठी पाठवायची. पत्र मी टाइप केलं, टोपली गायकवाडांनी गोणपाटात शिवली. नाकाला रुमाल बांधून शिवली.

आठव्या दिवशी टोपली परत आली. वर शेरा होता, "सहपत्र वाचण्याजोगे नाही. सुवाच्य प्रत पाठवावी."

मी तो शेरा तीनदा वाचला. खाली सही होती, शिक्का होता, तारीख होती. कुणीतरी पगारी माणसानं टोपली उघडून हे लिहिलं होतं. ते कोळीबुवा नंतर दोनदा येऊन गेले आणि मग यायचे बंद झाले.

* * *

त्याच सुमाराला हुकूम आला, की कारभार मराठीतच करायचा. तोवर इंग्रजीत हाय टाइड वेगळी आणि रिक्रूटमेंट वेगळी. मराठीत दोन्ही भरती! पण हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बंदरवाल्यांकडून दर महिन्याला समुद्राच्या पाण्याचं वेळापत्रक यायचं. साहेब म्हणाले, मराठीत करून बाहेर फळ्यावर लावा. मी छान टाइप केलं, 'भरतीच्या वेळा', आणि खाली रोजच्या दोन दोन वेळा.

दुसऱ्या दिवशी शटलमधून उतरते तर गिरणीपासून स्टेशनपर्यंत रांग. नेरळ, शेलू, पार खोपोलीपर्यंतची मॅट्रिक झालेली माणसं, हातात दाखले, डोक्याला तेल. एकजण बायकोला घेऊन आला होता. मला वाटलं खाली रेशनचं काहीतरी आलंय.

"भरती दहा चाळीसला हाय ना?" एकानं विचारलं. "वेळेवर होईल का?"

गायकवाड पुढं झाले आणि समजवायला लागले. समुद्राचं पाणी चढतं तिला भरती म्हणतात, उतरतं तिला ओहोटी. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं, जो मुलासाठी जागा धरून उभा होता, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"समाजलं रं," तो म्हणाला. "दहा चाळीसला घेतात आनि ओहोटीला काडून टाकतात."

गायकवाड नऊ वर्षं रोजंदारीवर. ते म्हणाले, "व्हय बाबा, तसंच हाय."

रांग दुपारपर्यंत हलली नाही. मला खिडकीशी जायचं धाडस झालं नाही. त्या माणसांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल, हे माझ्या मनातून बरेच दिवस गेलं नाही.

* * *

जानेवारीत गायकवाडांची फाइल हलली. मी रोज साहेबांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवायची, म्हणून हलली. लगेच मासेवाल्यांनी नियम काढला, की खलाशाला पोहता आलं पाहिजे.

अहो, गायकवाड भर पावसाळ्यात उल्हास नदीच्या पुरात म्हशी काढणारे! पण नियमात होतं 'समुद्राच्या पाण्यात'. नदीचं पाणी गोडं. महिनाभर कागद फिरला. मग मीठवाल्यांनी लिहिलं, "गिरणीच्या हौदात मीठ टाकून चाचणी घेता येईल काय?"

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. बाकीच्या तिघांनी खाली लिहिलं, "सहमत."

दोन गोणी मीठ आलं. पोह्यांसाठी भात भिजवायच्या हौदात ओतलं. चार अधिकारी काठावर उभे, साहेब हातात घड्याळ घेऊन, आणि गायकवाड चड्डीवर आत. हौद त्यांच्या छातीपर्यंत. पोहणार कुठं? ते उभे राहिले. पाच मिनिटं सगळे एकमेकांकडं बघत होते. गिरणीतल्या बाया काम टाकून आल्या होत्या. मी वरून बघत होते, आणि खरं सांगते, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो माणूस मात्र ताठ उभा होता.

अहवाल मीच टाइप केला. "उमेदवार बुडाला नाही."

त्यानंतर आठवडाभर कर्जतमध्ये पोहे खारट लागत होते.

* * *

फेब्रुवारीत फाइल मंजुरीसाठी मुंबईला जायची होती. विषय साहेबांनी सांगितला आणि मी टाइप केला, "विषय : कर्जत येथील भरतीबाबत."

हो, मीच टाइप केला. ती रांग डोळ्यांनी बघून झाल्यावर! माझं डोकं कुठं होतं, मला अजून कळत नाही.

मुंबईत टपाल वाटणाऱ्यानं 'भरती' वाचलं आणि फाइल बंदरवाल्यांच्या भरती-ओहोटीच्या टेबलावर टाकली. आतले कागद कोण उघडतंय? मार्चच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. "कर्जत हे समुद्रापासून दूर असल्याने तेथे भरती येत नाही व यापुढे येण्याचा संभव नाही. प्रकरण बंद करावे."

मी फाइल घेऊन धावत आत गेले. मीटिंग चालू होती. म्हटलं, "साहेब, हे पाण्याबद्दल बोलतायत. आपण माणसाबद्दल विचारलं होतं."

साहेबांनी शेरा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "पण पाटीलबाई, त्यांचं म्हणणं चूक नाही. कर्जतला भरती येत नाही."

मासेवाले म्हणाले येत नाही. मीठवाले म्हणाले येत नाही. बंदरवाल्यांच्या मुंबईच्या ऑफिसानं तर लिहूनच दिलं होतं. महसूलवाल्यांनी नकाशा मागवला आणि बघून म्हणाले येत नाही. चौघांनी सह्या केल्या, "सहमत." इतक्या वर्षांत चारही खात्यांचं पाच मिनिटांत एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते एका माणसाचा घास काढून घ्यायला.

बाहेर गायकवाड उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ऱ्हाऊ द्या बाई," म्हणाले, "तुमी नका तरास करून घेऊ." आणि कपबशा विसळायला गेले.

* * *

मी त्या दिवशी जेवले नाही. नुसती धुमसत होते. दुपारी मशीनवर कोरा कागद चढवला आणि रागाच्या भरात, यांना एकदा चांगलं झोंबावं म्हणून, टाइप केलं.

"कर्जत येथे भरती येत नाही, याबाबत चारही खात्यांचे एकमत आहे. तथापि ती येत नाही याची दररोज दोन वेळा नदीच्या पुलावरून प्रत्यक्ष खात्री करून नोंद ठेवणे समन्वयाच्या दृष्टीने आवश्यक आहे. त्यासाठी खलाशाचे एक कायम पद मंजूर करून त्यावर सध्या काम करत असलेले श्री. गायकवाड यांची नेमणूक करावी."

सह्यांच्या गठ्ठ्यात घातला. म्हटलं, करा सस्पेंड. एकदाचं होऊन जाऊ दे.

संध्याकाळी गठ्ठा बाहेर आला. साहेबांची सही. मासेवाल्यांची सही. मीठवाल्यांची. महसूलवाल्यांची. आणि बंदरवाल्यांनी तर सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "अत्यंत आवश्यक."

मी खुर्चीतच बसून राहिले. शटल चुकली.

कागद मुंबईला गेला आणि मार्च संपायला चार दिवस असताना हुकूम आला. नाव, बापाचं नाव, पद, आणि कामाचं स्वरूप, 'भरतीची दैनिक नोंद'. मी तो गायकवाडांच्या हातात दिला. त्यांनी उभ्यानं वाचला. मग बापाच्या नावावर बोट ठेवून पुन्हा वाचला आणि डोळे पुसले. मीही पुसले.

एक एप्रिल. आत मीटिंग, चारही खाती हजर. सव्वाअकराच्या सुमाराला साहेबांची हाक आली, "गायकवाड, चहा आण रे!"

गायकवाड दारात गेले. इस्त्रीचा सदरा, काखेत नवी कोरी नोंदवही.

"साहेब, भरतीची येळ झाली हाय," ते म्हणाले. "पुलावर जायाला पायजे. हुकूम हाय."

साहेबांनी चष्मा काढला. चौघांकडं पाहिलं. चौघांनी टेबलाकडं पाहिलं.

"बरं," साहेब म्हणाले. "मग... परत कधी येणार तुम्ही?"

गायकवाडांनी फळ्यावरचं वेळापत्रक बघितलं.

"ओहोटी लागली की."