पितळी कुलूप

"ताई, बाबा गेले…" माझ्या मामेभावाचा, समीरचा फोन आला त्याला आता पाच आठवडे झाले. पुढे तो म्हणाला, "हॉस्पिटलमधून घरी गेलो, पण घर लॉक्ड आहे. दाराची की कुठेच सापडत नाही. मी पेट्रोल पंपावरून बोलतोय." मला रडता रडता हसू आलं. मामांनी जातानाही किल्ली लपवूनच ठेवली होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मामी गेल्यावर, मामा डॉक्टर म्हणून अमेरिकेत, आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावात गेले. मी तेव्हा तिकडेच शिकत होते, म्हणून घर बघायला मला बरोबर नेलं. एवढं मोठं घर इतकं स्वस्त, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी दारातच ठरवलं. भिंती ठोकून पाहिल्या, तळघराचा वास घेतला. व्यवहार झाल्यावर किल्ली मागितली, तर म्हातारी मालकीण म्हणाली, "आम्ही कधी कुलूप लावलंच नाही." मामा गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हणजे कोणीही आत येऊ शकतो." आठवड्याभरात पुण्याहून आणलेलं पितळी कुलूप कडीकोयंड्यासकट दारावर चढलं. शेजारच्या वॉल्टरनं न सांगता आमचं गवत कापलं, तर मामा खिडकीआडून बघत राहिले. "याला नेमकं काय हवंय गं?"

दोन वर्षांनी गणपतीला आम्ही शिकागोला गेलो आणि इकडे नदी चढली. परतलो तेव्हा पाणी ओसरलं होतं, कोयंडा उखडलेला होता आणि हॉल रिकामा… मामांनी शेरीफला बोलावलं, संशयित म्हणून वॉल्टरचं नावही सांगून टाकलं. शेरीफनं शांतपणे विचारलं, "डॉक्टर, वर पाहिलंत का?" वर सगळं होतं. सोफा, पुस्तकं, आणि पलंगावर चादरीत गुंडाळलेला देव्हारा. चिखलाचे ठसे जिन्याखालीच थांबले होते; बूट काढून वर चढले होते लोक. वॉल्टर कुंपणापाशी उभा राहून सगळं ऐकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा मात्र दुसऱ्या दिवशी नवं, आणखी मोठं कुलूप घेऊन आले. मी रागानं आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मामा गेले त्या दिवशी अर्ध्या तासानं समीरचा पुन्हा फोन आला, या वेळी घरातून. वॉल्टरनं आपल्या जुडग्यातल्या किल्लीनं दार उघडून दिलं होतं. त्याच्याकडे किल्ली आली कशी, हेच माझ्या मनात आधी आलं. शेवटी मीही त्यांचीच भाची.

"बाबांनीच दिली होती म्हणे, ताई. फ्लडनंतर लगेच. कुणाला सांगू नकोस म्हणाले होते त्याला."

ते जुनं पितळी कुलूप आता माझ्या टेबलावर असतं. प्रत्येक सुट्टीत मी त्या घरात राहिले, मामांना वरणभात करून घातला… मला त्यांनी किल्ली कधी दिली नाही. खरं सांगते, मला वॉल्टरचा हेवा वाटतो.