हाड म्हटल्यावर

सांगा सांगा म्हणून नुसतं डोकं खातात. नाक्यावर चहाला बसलो की एक जण तरी म्हणतोच, "तात्या, तो कुत्र्याचा किस्सा!" अरे, मी काय तमाशाला बसलोय? सांगून सांगून तोंड दुखलं. मग सूनबाई म्हणाली, "बाबा, एकदाचं लिहूनच काढा." म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंत. चुका निघाल्या तर पोटात घाला, मला दाखवायला येऊ नका.

आणि किस्सा काय एक नाय. किस्से उकिरड्यासारखे असतात. रोज कोणीतरी पाटीभर टाकतं, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस बघावं तर दारात डोंगर!

*

आमचा मुलगा सुधीर रोज आसनगावहून लोकलने ठाण्याला कामाला जातो. एका संध्याकाळी घरी आला तर शर्टाच्या आत काहीतरी वळवळतंय. काढलं, तर कुत्र्याचं पिल्लू! एक कान उभा, एक पडलेला.

"ऑफिसातल्या मित्राने दिलं. नाव ब्रूनो."

मी म्हटलं, "आपल्या गावातली कुत्री संपली होती काय रे?"

"बाबा, हा घरात राहणार. याला ट्रेनिंग देणार."

घरात! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, मी याचं नाव घेणार नाय आणि याला हात लावणार नाय. सगळ्यांनी माना हलवल्या. पिल्लू माझ्या चपलेत डोकं घालून झोपून गेलं.

*

सूनबाईने मोबाईलवर बघून बघून क्लास सुरू केला. हातात बिस्किट, आणि अंगणात उभी राहून ओरडते, "सिट! सिट!"

आमची म्हातारी चुलीवरनं धावत बाहेर आली. "कोणासाठी सीट धरतेस गो? एसटी आली काय?"

तेवढ्यात शेजारचा बाळाराम पहार मागायला आला. सूनबाईचा तो आवाज ऐकून बिचारा मुकाट्याने ओट्यावर बसला. त्याच्या बाजूला म्हातारी बसली. मी तर बसलेलाच होतो. अख्खं अंगण बसलं, कुत्रा उभा!

बिस्किट शेवटी बाळारामने खाल्लं.

*

मग निघालं घरात घाण करण्याचं प्रकरण. सूनबाई म्हणाली, कोपऱ्यात पेपर पसरायचा आणि पिल्लाला त्याच्यावर करायला शिकवायचं. मी म्हटलं, "करा काय करायचं ते, मला माझा पेपर मिळाला पाहिजे."

मला पेपर जमिनीवर पसरून वाचायची सवय. पहिलं पान सगळ्यात शेवटी. आधी कोण गेलं ते बघायचं, आपल्या वयाचा आहे काय ते बघायचं, मग पुढे. एका सकाळी मी असाच ओणवा होऊन वाचतोय, तर हा आला, पेपराला एक गोल चक्कर मारली, आणि बरोबर मधोमध...

मी ओरडायला तोंड उघडलं, तर मागनं सूनबाईच्या टाळ्या! "गुड बॉय! पेपरावर केली! बाबा, शिकला तो!"

माझ्या वयाचे तिघं भिजले होते.

*

आता मुद्द्यावर येतो. मी कुत्र्याशी एकच शब्द बोलतो. हाड. मी जेवायला बसलो की हा समोर येऊन ताटात बघायचा. मग मी भाकरीचा तुकडा मोडायचा, "हाड!" म्हणायचं आणि तुकडा लांब भिरकावायचा. कशाला? तर त्याने लांब जावं म्हणून. यात प्रेमाबिमाचं काय नाय.

एका रविवारी हा बाळारामच्या भातात शिरला. सुधीर बांधावर उभा राहून हाका मारतोय, "ब्रूनो! कम! ब्रूनो, कम हिअर!" कुत्र्याचा उभा कानसुद्धा हलला नाय. मी वैतागून ओट्यावरनं बोललो, "हाड रे!"

भात तुडवत, बांध उडवत जो आला तो थेट माझ्या पायाशी येऊन बसला. सिट न म्हणता!

सुधीर लालबुंद. "बाबा, तुमी याला काय शिकवलंत?"

"मी? मी तर याला हाकलतो!"

"रोज हाड म्हणून भाकरी घालता. त्याला वाटतं हाड म्हणजे 'ये'!"

म्हातारी दारातनं म्हणाली, "त्याची काय चूक? लग्न झाल्यापासून मला 'ऐकतेस काय' म्हणून हाक मारतात. माझं तरी नाव कुठं घेतलं? तरी मी येतेच ना!"

*

झालं काय, गावात जो कोणी याला हाकलील त्याच्या गळ्यात हा पडायला लागला. बाळारामच्या बायकोने खाटेवर बोंबील सुकत घातले होते. हा नुसता बाजूने चालला होता. ती ओरडली, "हाड!" हा थांबला. तिने आणखी जोरात, "हाड! हाड!" हा आनंदाने उडी मारून खाटेवर. ती जितकी ओरडली तितका हा तिच्या जवळ सरकला, आणि शेवटी बोंबलांवर बसून तिच्याकडे बघत राहिला. बिचाऱ्याला वाटलं, एवढ्या मायेने कोणी बोलावलं नव्हतं!

बाळाराम भांडायला आला. मी म्हटलं, "बायकोला सांग, बोलवत जाऊ नकोस."

*

हसण्यासारखं तिथपर्यंतच होतं. एका दुपारी खालच्या आळीत कोणीतरी हाड म्हणून काठी उगारली. दुसरं कुत्रं पळालं असतं. हा शेपटी हलवत जवळ गेला.

तीन पायांवर घरी आला. म्हातारीने हळद लावली. मी काय नाय केलं, नुसता पाय धरून बसलो.

सुधीर म्हणाला, "हाड विसरला तर हा इथे राहील. नाय तर धसईला मामाकडे पोचवतो. मामाचं घर शेतावर आहे, तिथे हाड म्हणायला कोण नाय. इथे एक दिवस मरेल हा."

मामा म्हणजे माझा मेहुणा. सुधीरचं बोलणं खोटं नव्हतं. म्हणून मी कबूल केलं, आजपासून हा शब्द तोंडातनं काढणार नाय.

सूनबाईने मला शिकवलं, "बाबा, म्हणा, ब्रूनो, कम." मी म्हटलं, "बुरनो, कम." कुत्र्याने मागे वळून बघितलं, कोण पाहुणा आला म्हणून.

*

मग मी गप्पच राहिलो. भाकरी मोडायची आणि मुकाट्याने त्याच्यापुढे ठेवायची. तर हा खाईना! भाकरी पायाशी, आणि हा माझ्या तोंडाकडे बघतोय. सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. भाकरीला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोण नव्हतं. खाली वाकलो आणि हळूच त्याच्या पडलेल्या कानात बोललो, "हाड."

दोन घासात भाकरी साफ!

मान वर केली तर खिडकीत सूनबाई. पदराने डोळे पुसत होती. कांदा कापत असेल.

*

असं किती दिवस लपणार? कुत्र्याचा पाय बरा झाला, पण तो हाड काय विसरला नाय, आणि सुधीरला कळलं. रविवारी बाळारामची टमटम सांगितली. बाळारामने इतक्या खुशीत गाडी आयुष्यात पुसली नसेल. सुधीर, सूनबाई, म्हातारी, मी, आणि माझ्या पायावर हनुवटी ठेवून हा.

मेहुण्याने चहा केला, कुत्र्याला चिंचेखाली बसवलं. म्हणाला, "बांधायला कशाला पाहिजे? रमेल." आमी गाडीत बसलो. बाळारामने गाडी चालू केली तसा हा उठून उभा राहिला. चार पावलं चालून आला. थांबला. माझ्याकडे बघायला लागला.

"मागे बघू नका, बाबा," सुधीर म्हणाला.

मेहुण्याला यातलं काय माहीत नव्हतं. तो तिकडनं ओरडला, "भाऊजी, गाडीखाली येईल तो! हाकला त्याला!"

मी मान बाहेर काढली आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो,

"हाड!"

एका उडीत गाडीत! सूनबाईची पर्स खाली, म्हातारीचा चष्मा वाकडा, आणि हा माझ्या मांडीवर, माझी दाढी चाटतोय.

"बाबा! तुमी मुद्दाम बोलावलंत त्याला!"

"बोलावलं? अरे, हाड म्हणालो मी! हाड म्हणजे चालता हो. विचार कोणाला पण. विचार तुझ्या मामाला!"

"खोटं बोलता तुमी!"

म्हातारी चष्मा सरळ करत म्हणाली, "बाळाराम, काढ बाबा गाडी. याच्या भाकरीचा टाइम झाला."

आता तुमीच सांगा. मला हाकलायला सांगितलं, मी हाकललं. त्यावर शेजाऱ्यादेखत बापाला खोटारडा म्हणायचं? तेव्हापासून कुत्रा रोज माझ्या पायाशी झोपतो, पण माफी काय अजून आलेली नाय. कोणाची ते नाव घेऊन सांगतो, म्हणजे वाचेल तरी: सुधीरची.