भागीरथीची गाडी

आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात दामाजींना सगळे मशीनवाले म्हणत. तीस वर्षं त्यांनी होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. खाडीतली मासळी सरली तरी बंद पडलेला पंप, पंखा घेऊन लोक त्यांच्याच दारात. १९९३ साली त्यांनी अंगणात स्वतः मोटार जोडली. इंजिन भंगारातलं, मागची सीट मोडीत काढलेल्या टॅक्सीची. हौस म्हणून नव्हे हं. त्यांच्या बायकोला, भागीरथीला, दमा. रिक्षाच्या नि एसटीच्या धुरात तिचा जीव घुसमटे. तिकडे समुद्रकाठी, उत्तनला, तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि तीन वर्षं मायलेकींची भेट नव्हती.

गाडी सुरू झाली, पण आत बसताच भागीरथी तोंडाला पदर लावून उतरली. टाकी तापली की पेट्रोलची वाफ होते, ती सीटखालून आत यायची.

गॅरेजमधल्या उत्तमने उपाय सांगितला. बंद डब्यात करवंटीचा कोळसा भरायचा आणि टाकीतली वाफ नळीने त्यात न्यायची. कोळसा ती धरून ठेवतो. डब्यातून दुसरी नळी इंजिनला द्यायची, म्हणजे चालतं इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. आठवडाभर दामाजी गाडीखाली आडवे. मी शेजारीण, डबा माझ्याच घरातला, दूध पावडरचा.

मग भागीरथी भर दुपारी तासभर गाडीत बसली. मी खिडकीशी उभी.

"येतो का गो वास?" दामाजींनी विचारलं.

"तुमच्या विडीचा येतो."

तेव्हा टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मे महिन्यात उत्तनहून निरोप आला, म्हातारीने अन्न सोडलं. सोबतीला मीही निघाले. निघताना दामाजींनी टाकी अगदी तोंडापर्यंत भरली.

"उत्तनपर्यंत एवढं लागतं?" मी म्हटलं.

"वहिनी, टाकी काठोकाठ भरल्याबिगर निघायचा नाय. बापानं शिकवलाय. दर्यात कोण देनार?"

ठाण्याबाहेर गायमुखपर्यंत भागीरथी आईच्या गोष्टी सांगत होती. मग तिने तोंडाला पदर लावला. मग तिची छाती वाजायला लागली. आम्ही तिला उतरवून झाडाखाली बसवलं. दामाजींनी बॉनेट उघडलं. डब्यातून पेट्रोल ठिबकत होतं. उन्हात पेट्रोल फुगलं, टाकीत त्याला जागाच नव्हती, ते वाफेच्या नळीने थेट कोळशात उतरलेलं.

"कोळसा भिजला," ते म्हणाले. "आता वाफ धरनार नाय."

"सुकवता येईल?"

"नवा भरावा लागल."

त्यांनी डबा काढला, इंजिनकडची नळी बुजवली, टाकीकडची नळी मागे मोकळी सोडली. गाडी चालणार होती. वास येणारच होता. भागीरथी दोनदा उठून दारापर्यंत गेली, दोनदा वाकून खोकत मागे आली. दामाजी पेट्रोलने ओले झालेले हात अंगापासून लांब धरून उभे. तिच्या पाठीवरून हात फिरवायचीही सोय नव्हती.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "कुणी तरी दिसू दे तिला."

"काय सांगू?"

तिने बराच वेळ श्वास गोळा केला. "सांगा, वाटेत हाय."

ते एकटे गेले. आम्ही दोघी बसत, उठत चालत परतलो.

दामाजींनी तेच सांगितलं. म्हातारीने खाट दाराशी ओढायला लावली आणि शेवटचे दोन दिवस रस्त्याकडे बघत राहिली.